बुधल्याची परतफेड

"रिकामी बाटली परत द्यायची नाही," असे सुवर्णाबाईंनी बजावले, आणि पुढील सर्व अनर्थाचा पाया तेथेच घातला गेला.

बाटली म्हणजे वस्तुतः तपकिरी काचेचा, गळ्याशी कान असलेला एक ऐसपैस बुधला होता. तो प्रल्हादरावांना लुक नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी बिअरने भरून भेट दिला होता. प्रल्हादराव चिपळूणचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकीकडे सपत्नीक आलेले. एके सकाळी ते फोन घरीच विसरून फिरावयास निघाले आणि डेटा सेंटरांच्या इमारतींमध्ये हरवले. त्या इमारतींना खिडकी नाही, ओसरी नाही, पत्ता विचारावा असा पानवाला नाही. त्यांच्या मागे एका गोदामात लुकचा बिअरचा छोटासा कारखाना होता. हा वृद्ध इसम पुन्हापुन्हा त्याच वळणावर उगवत आहे, हे पाहून लुक बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, लिंबूपाणी दिले, घरापर्यंत सोडले आणि वर तो बुधलाही हाती ठेवला.

प्रल्हादरावांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता. बुधला रिकामा करण्याचे कर्तव्य जावई सौमित्र यांनी निष्ठेने पार पाडले. परंतु उपकार शिल्लक राहिला. सोमवारी परतीचे विमान होते, आणि सुवर्णाबाईंनी तर हा अमेरिकेचा शेवटचा प्रवास असल्याचे जाहीर केले होते. "माझे गुडघे आता विमानाचे राहिले नाहीत," त्या म्हणत, आणि ते ऐकून लेक अनया विषय बदलत असे. निघण्यापूर्वी लुकचे रीतसर आभार मानावेत, एवढीच प्रल्हादरावांची इच्छा होती.

"अगं, पण भरायचं काय त्यात?"

"कोकम सरबत. आगळ उरलंय थोडं. जिरं, सैंधव घालते. आणि गेल्या गेल्या बर्फात ठेवा हं, कोमट कोकम म्हणजे औषध लागतं."

शनिवारी दुपारी सौमित्र सासऱ्यांना घेऊन कारखान्यात पोहोचले. परतताना अनया न्यावयास येणार होती, त्यामुळे जावईबापू निश्चिंत होते. आत बिअरची चव घेण्याच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. लुक घाईत होते, तरी त्यांनी प्रल्हादरावांचे दोन्ही हात धरले.

"मिस्टर प्रल्हाद, बरं झालं आलात. आज माझी परीक्षा आहे. त्या बाई दिसतात ना, कॅरल? त्यांची चार रेस्टॉरंटं आहेत. माझी बिअर त्यांनी ठेवली तर ठीक. नाहीतर उन्हाळा संपला की मी कुलूप लावून बेल्जियमला."

प्रल्हादरावांचे अंतःकरण भरून आले. पत्नीची आज्ञा स्मरून त्यांनी बुधला बर्फाच्या टोपल्यात ठेवला. त्या टोपल्यात तसेच आणखी बुधले होते, ही गोष्ट त्यांना सोयीची वाटली.

चिमुकल्या पेल्यांतून बिअर फिरू लागली. एक पांढुरकी, धणे आणि संत्र्याची साल घातलेली, एक सोनेरी, एक काळसर. कॅरलबाई प्रत्येक पेला हुंगत, घोट तोंडात घोळवत आणि पत्र्याच्या बादलीत थुंकून टाकत.

"अरे, या तर चुळा भरतायत," प्रल्हादराव व्यथित होऊन म्हणाले. "त्या बिचाऱ्याच्या देखत?"

"बाबा, त्यांना ड्राइव्ह करायचंय. अजून दोन ठिकाणी टेस्टिंग आहे त्यांचं. यात अपमान नसतो."

"तू का नाही थुंकत मग?"

"मला अनया न्यायला येतेय," सौमित्र शांतपणे म्हणाले.

"आता शेवटची," लुक सर्वांना म्हणाले. "चेरी घालून आंबवलेली, लाल. बर्फात आहे, ओतून घ्या. मी चीज आणतो." ते आत गेले. एका दाढीवाल्या रसिकाने टोपल्यातील हाताशी आलेला बुधला उचलला आणि सर्वांचे पेले भरले.

"फेस नाही," तो म्हणाला. "जुनी पद्धत. ओकच्या पिंपात वर्षभर तरी मुरलीय. तळघराचा वास येतोय बघा."

सौमित्रनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "बाबा, हे आपलं कोकम आहे."

"मला रंगावरूनच कळलं. हळू बोल."

"आता काय करायचं?"

प्रल्हादरावांना घाम फुटला. ज्या माणसाने आपल्याला वाट दाखविली, त्याचीच वाट आपण लावली. तेवढ्यात कॅरलबाईंनी पेला ओठांशी नेला, घोट तोंडात घोळवला, बादलीकडे पाहिले आणि गिळला. मग उरलेलेही प्याल्या.

लुक चीज घेऊन आले.

"लुक, ही तुमची?" कॅरलबाईंनी विचारले. "आज पहिल्यांदा मला भूक लागली."

दाढीवाला कौतुकाने मान डोलवत होता. एक होकार दिला असता तर भागले असते. लुकनी पेल्यात ओतून घेतले, चव घेतली आणि मान हलवली.

"नाही. ही माझी नाही. ही काय आहे, मलाही माहीत नाही."

प्रल्हादराव उठून उभे राहिले. वीज मंडळात अर्ज लिहिताना कमावलेल्या इंग्रजीत त्यांनी निवेदन केले, "महोदया, अपराध माझा आहे. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. म्हणून पत्नीने सरबत भरून दिलं. बर्फात मी ठेवलं. यांचा काही दोष नाही. हे फार सज्जन आहेत."

दाढीवाल्याने आपला पेला हळूच चीजच्या ताटामागे सरकवला. कॅरलबाई मात्र मनापासून हसल्या.

"सगळे वाखाणत असताना जो 'माझी नाही' म्हणतो, त्याची बाकीची बिअर त्याचीच असणार," त्या लुकना म्हणाल्या. "आता तुमची खरी चेरीची द्या."

ती त्यांनी बादलीत थुंकली, पण सावकाश. आणि मग चारही रेस्टॉरंटांसाठी मागणी नोंदवली.

निघताना प्रल्हादराव आभाराचे शब्द जुळवीत होते, तोच लुकनी धुतलेला बुधला चेरीच्या बिअरने काठोकाठ भरून त्यांच्या हाती दिला.

"अहो, नको. मी तर फेडायला आलो होतो."

"तुम्हीच सांगितलंत ना? रिकामं परत द्यायचं नसतं."

घरी सुवर्णाबाईंनी तो भरलेला बुधला पाहिला आणि कपाळाला हात लावला. "झालं. आगळ तर संपलं. आता यात काय भरू मी?"

"आई, सोमवारी तुमची फ्लाइट आहे. आता कुठे भरत बसतेस," अनया म्हणाली. तिने बुधला उचलला आणि फ्रिजमध्ये अगदी मागे, सौमित्रचा हात सहजी पोहोचणार नाही असा ठेवला.

सुवर्णाबाई बराच वेळ फ्रिजच्या दाराकडे पाहत राहिल्या. एका हाताने त्या गुडघा चोळत होत्या.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "येत्या मे महिन्यात आगळ जरा जास्तच करावं लागेल. इथे आणायला."