पाय गरम होईपर्यंत

त्या सकाळी दुकानाच्या केरात चष्म्याचे सात स्क्रू निघाले, नाकावर टेकणाऱ्या तीन रबरी पट्ट्या, काडीचं एक तुटकं टोक आणि बोटाच्या पेराएवढा एक स्क्रूड्रायव्हर. तिने केर ताटलीत घेतला, बोटाने चाळला आणि स्क्रू वेचून काचेच्या बरणीत टाकले. बरणी भरत आली होती. चष्मेवाल्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बरणीकडे पाहिलं आणि हल्ली कंपन्या स्क्रू फार निसरडे बनवतात असं सांगितलं. ती हो म्हणाली. गेले सहा महिने त्या घरात कंपन्या शिव्या खात होत्या.

गिऱ्हाइकं मात्र सोशीक होती. एकाची काच दुकानाची पायरी उतरेपर्यंतच टिकली, तर त्याने ती खिशात घालून परत आणली आणि वर आपलंच नाक वाकडं आहे म्हणून माफी मागितली. शेवटी डॉक्टरांनी चष्मेवाल्यांचा उजवा अंगठा दाबून पाहिला, त्याच्या बुडाशी खोलगट झालेलं मांस दाखवलं आणि मनगटात नस दबली असावी असं म्हणाले. तसं असेल तर छोटं ऑपरेशन, थोडे दिवस पट्टी, की पुन्हा स्टुलावर. फक्त आधी नसांचा वेग मोजून घ्यायचा. 'छोटं ऑपरेशन' हे दोन शब्द त्या दिवसापासून लाडक्या पाहुण्यासारखे घरात राहायला आले. जेवताना त्यांची आठवण निघायची, झोपताना त्यांची विचारपूस व्हायची.

तपासणीला येताना हाताला तेल लावू नका, अशी सूचना होती. तिने ती काटेकोर पाळली. पण रोज रात्री नवऱ्याला तेल चोळायची तिची सवय होती, आणि काळजी वाटली की ती काहीतरी चोळल्याशिवाय राहू शकत नसे. हात वगळायचे ठरल्यावर उरले पाय. रात्री चोळले, सकाळी निघताना पुन्हा एकदा चोळले. हाताच्या तपासणीत पायांचा काय संबंध?

बरोबर तिचे थोरले भाऊ आले होते. त्यांना सगळे मॅनेजर म्हणत. ते कशाचे मॅनेजर होते हे आता कोणाला आठवत नव्हतं, पण जिथे जात तिथलं काम ते ताब्यात घेत. तपासणीच्या खोलीत शिरताच त्यांनी पंखा बंद केला, खिडकीचा पडदा सरकवला आणि तपासणी करणाऱ्या मुलीला बसायला सांगितलं. ती आधीच बसलेली होती.

एसीमुळे खोली गार होती. भिंतीला लागून कॉट, कॉटच्या उशाशी यंत्र आणि त्याचा पडदा. मुलगी हसतमुख होती, पण तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि बोटांना तपासणीची चिकट जेल लागलेली असल्यामुळे ती तो मनगटाने वर ढकलत होती. चष्मेवाल्यांचं लक्ष यंत्राकडे नव्हतंच. हाताला करंटची टिचकी बसली तेव्हाही ते त्या मुलीच्या उजव्या काडीकडे पाहत होते.

"एकतीस," ती म्हणाली. "वेग पन्नासच्या वर हवा होता. मनगटाशी बराच मंदावलाय."

"वा," मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. चष्मेवाले बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "मनगटच आहे म्हणजे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वाईट आकडा ऐकून इतके खूश झालेले लोक त्या मुलीने पाहिले नसावेत. ती एकदा पडद्याकडे आणि एकदा या तिघांकडे बघत राहिली.

"आता पाय घेऊ," ती म्हणाली.

"पाय कशाला?" मॅनेजर म्हणाले. "दाजींचे पाय फर्स्ट क्लास आहेत."

डॉक्टरांनीच लिहून दिलं आहे, असं मुलीने समजावलं. पायात वेग चाळीसच्या वर आला, तर दोष एकट्या मनगटाचा. मग ऑपरेशन करता येईल.

"आणि नाही आला तर?" बायकोने विचारलं.

मुलीने मनगटाने चष्मा वर ढकलला. "तर मग एका जागचा दोष नाही, काकू. मग मनगट उघडून काही उपयोग नसतो."

पायमोजा काढला, आणि तिथून सगळं बिनसायला लागलं. पायावर यंत्राच्या वायरची पट्टी चिकटेना. मुलीने एक लावली, ती घोट्यावरून घरंगळली. दुसरी लावली, ती टाचेखाली गेली. तिसरी मॅनेजरांनी स्वतः लावली, ती त्यांच्या बाहीला चिकटली. "काका, तेल लावलंय का?" असं मुलीने विचारल्यावर चष्मेवाल्यांनी मुकाट्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली.

मग पाय धुणं आलं. नळाला गार पाणी, बेसिन कमरेच्या उंचीचं. मॅनेजरांनी दाजींना काखेतून धरलं, बायकोने पाय वर धरला आणि एक प्रतिष्ठित दुकानदार बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून साबणाने धुतला गेला. दोनदा. पाय स्वच्छ झाला, आणि बर्फासारखा गार. मुलीने त्याचं तापमान घेतलं: सव्वीस. तरी एकदा टिचकी देऊन पाहिली. वेग आला बावीस.

मॅनेजरांची थाप वरच्या वर राहिली.

"हा आकडा धरायचा नाही," मुलगी घाईने म्हणाली. "गार पायात नस मुळातच हळू चालते. बत्तीसच्या वर गेला की परत घेऊ."

एवढं त्यांना पुरलं. सगळा दोष थंडीचा ठरला. थंडीला ऑपरेशन लागत नाही, ऊब लागते, आणि ऊब पैदा करायला मॅनेजर समर्थ होते. ते बाहेर गेले आणि शेजारच्या खोलीतून कोणाच्या तरी पायाशी चालू असलेला हीटर उचलून घेऊन आले. तो त्यांनी यंत्राच्याच बोर्डाला लावला. हीटर लाल झाला, 'बघा' असं मॅनेजर म्हणाले, आणि हीटर, यंत्र, दिवे, एसी सगळं एकदम बंद पडलं.

"निदान एसी तरी बंद झाला," ते म्हणाले आणि वायरमनला शोधायला गेले.

तोवर बायकोने कॉटच्या पायथ्याशी बसून तो पाय मांडीवर घेतला, अंगावरची शाल त्यावर पांघरली आणि आत दोन्ही हातांनी धरून ठेवला. चोळला नाही, नुसता धरला. इतकी वर्षं या पायाला ती तेल लावत आली होती, पण नुसतं धरून असं कधी बसली नव्हती. बसल्यावर तिला नको ते आठवायला लागलं. गेल्या महिन्यात ते दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले होते आणि तिने उंबऱ्याला दोष दिला होता. उजवी चप्पल चालता चालता मागे राहायची. चपलाही हल्ली फार निसरड्या बनवतात, असं ते म्हणाले होते, आणि ती हो म्हणाली होती.

चष्मेवाल्यांना रिकामं बसवेना. "बाळ, तो चष्मा दे इकडे," ते म्हणाले. "काडीचा आणि काचेचा एकच स्क्रू आहे, तो ढिला झालाय. मघापासून बघवत नाहीये."

"असू दे हो काका."

"अगं, धंदा आहे माझा. एका पिळाचं काम."

खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर होताच. त्यांनी चष्मा छातीशी धरला, स्क्रू आणखी थोडा सैल केला, त्याचे आटे चाचपून बघितले आणि उलटा पीळ द्यायला अंगठा टेकवला. अंगठा टेकला, पण दाबेना. त्यांनी दुसऱ्यांदा टेकवला. बायको बघत होती. तिने बघायला नको होतं. टिक् असा अगदी बारीक आवाज झाला. स्क्रू गेला, त्याच्यामागोमाग काच फरशीवर पडली आणि चिरली.

मुलगी गुडघ्यांवर बसून चाचपडत स्क्रू शोधू लागली. तिला समोरचंही धूसर दिसत असावं, कारण ती बराच वेळ कॉटच्या नटाला नखाने उचलू पाहत होती. चष्मेवाले हातातल्या काडीकडे पाहत बसले.

"स्क्रू निसरडा असेल," बायको म्हणाली.

"नाही गं," ते म्हणाले. "स्क्रू चांगला होता."

दिवे आले. पाठोपाठ मॅनेजर आले, वायरमनकडून आपण स्वतः उभं राहून काम करवून घेतलं म्हणून सांगत. यंत्र पुन्हा सुरू झालं. मुलीने हाताच्या सवयीने पायावर पट्ट्या लावल्या. या वेळी त्या चिकटल्या. मग तिने मान पुढे काढून पडद्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि मान हलवली. दोन्ही हात पायाशी गुंतलेले, पडदा कॉटच्या दुसऱ्या टोकाला.

"काकू, मला इथून आकडे दिसत नाहीयेत. तुम्ही वाचाल का? वरचा लहान आकडा तापमानाचा. खालचा मोठा वेगाचा, टिचकीनंतर येईल."

ती उठली. शाल झटकायला गेली, तर घडीत काहीतरी बारीक बोटाला टोचलं. स्क्रू होता. तो मुठीत धरून ती पडद्यासमोर उभी राहिली.

"बत्तीस पूर्णांक चार," तिने वाचलं.

"शाब्बास," मॅनेजर म्हणाले. "म्हणजे आता थंडीचं काही नाही."

"काका, पाय सैल सोडा," मुलगी म्हणाली. टिचकी बसली. पाय उडाला. पडद्यावर एक रेघ वर गेली, खाली आली आणि खालची जागा भरली.

"किती गं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

तिने आकडा एकदा मनात वाचला. मग मोठ्याने वाचला.

"अठ्ठावीस."