एक्क्याऐंशीचं आकाश

सांगली-मिरज रस्त्यावर भूपाल मगदूम जुन्या गाड्या विकतात, आणि ज्या गाड्यांचं छप्पर उघडतं त्यांच्या काचेवर वर कुठल्या सालचं आकाश आहे ते लिहिलेलं असतं.

सुधाकर तांबट पोस्टातून निवृत्त झाले त्या महिन्यात ते थोरल्या बहिणीला घेऊन तिथं गेले. कुमुदअक्कांनी मिशन दवाखान्यात पस्तीस वर्षं परिचारिकेचं काम केलं होतं. दोघांनाही आयुष्यात एकदा उघड्या गाडीत बसायचं होतं. दोघांची शिल्लक एकत्र केली तरी ती फार नव्हती, हे अक्कांनी दारातच सांगून टाकलं.

"मग ही बघा," मगदूम म्हणाले. गाडी दोन दारांची, निळी, परदेशी बनावटीची होती. बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर मधोमध मोडून डिकीत जाऊन बसायचं. "गाडी दोन हजार सहाची, आकाश एक्क्याऐंशीचं. आधीच्या मालकांनी बदलून घेतलेलं. आजचं आकाश असतं तर तुम्हाला परवडली नसती."

"आजचं आम्हाला घरीपण दिसतं," अक्का म्हणाल्या.

सुधाकररावांनी बटण दाबलं. छप्पर मागं सरकलं आणि आत ऊन आलं. बाहेर मळभ होतं. ऊन फक्त चार सीटांवर पडलं होतं, आणि ते मऊ होतं. अक्कांनी हात वर करून थोडा वेळ तसाच धरला.

"तारीख कुठली चालू आहे?"

"आजचीच. साल तेवढं मागचं," मगदूम म्हणाले. "जिथं गाडी न्याल तिथलं आकाश दिसणार. ढग, पाखरं, सगळं त्या दिवशीचं. पाऊस आला तर छप्पर लावायचं, बाकी तक्रार नाही."

आरटीओतल्या बाईंनी कागद नीट तपासले. गाडीचं साल आणि आकाशाचं साल वेगवेगळ्या रकान्यांत भरायला लावलं. सुधाकररावांनी धुराच्या दाखल्याबद्दल विचारलं.

"गाडीचा लागेल. आकाशाचा नको," बाई म्हणाल्या. "नव्वदच्या आधीच्या हवेला सूट आहे."

आठवड्याभरात गाडी नावावर झाली. दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी चारला दोघं निघाले आणि कुठं जायचं ते न बोलताच जुन्या गल्लीत आले. त्यांच्या घराच्या जागी आता रक्ततपासणीची लॅब होती. सुधाकररावांनी तिच्यासमोर गाडी लावली आणि छप्पर उघडलं.

वर स्वच्छ निळं होतं. कोपऱ्यातून कुणाच्यातरी चुलीचा धूर येत होता. मग त्या निळ्यात ठिपके दिसले, फिरले, मोठे झाले.

"सुधा," अक्का म्हणाल्या, "अण्णांची आहेत."

त्यांचे वडील, अण्णा तांबट, भांडी घडवायचे आणि गिरेबाज कबुतरं पाळायचे. प्रत्येकाच्या पायात त्यांनी स्वतः घडवलेलं तांब्याचं बारीक कडं असे. गाडीवर उतरणाऱ्या कबुतरांच्या पायात ती कडी चमकली. एकवीस कबुतरं मागच्या सीटवर, डॅशबोर्डवर आणि सुधाकररावांच्या खांद्यावर येऊन बसली.

अक्कांना तेव्हा अण्णांचं बोलणं आठवलं. त्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी थवा तासभर गायब होता. अण्णा गच्चीवर ताटलीत बाजरी घेऊन उभे होते. पाखरं परतली, पण दाण्याला शिवली नाहीत. "कुणीतरी खायला घातलंय त्यांना," असं अण्णा शेवटच्या आजारपणातही म्हणत असत. ज्यानं घातलं त्याला एकदा बघायचं होतं त्यांना.

"डिकीत शेंगदाणे आहेत का?" अक्कांनी विचारलं.

"डिकीत छप्पर आहे. शेंगदाणे तुझ्या पिशवीत."

अक्कांनी दाणे दातांनी फोडून बारीक केले आणि ओंजळ पुढं धरली. पांढऱ्या मानेची मादी आधी आली. ती अक्कांच्या हातून नेहमी खायची. चव्वेचाळीस वर्षांनी हात सुरकुतलेला होता, पण तिनं तो ओळखला असावा, कारण ती मनगटावर चढून बसली. सुधाकरराव स्टिअरिंग धरून रडत होते. लॅबमधून बाहेर आलेल्या एका माणसानं दंडावरचा कापूस दाबत गाडीकडं पाहिलं आणि तो आपल्या वाटेनं गेला.

"ठेवून घेऊया," सुधाकरराव म्हणाले. "छप्पर लावतो."

अक्कांनी घड्याळ पाहिलं. "अण्णा वर उभे आहेत रे. किती वेळ उभं करायचं त्यांना?"

"आपल्याला दिसणार आहेत का ते?"

"नाही. फक्त आकाश घेतलंय आपण."

तास भरायला थोडा अवधी होता, तोवर दोघांनी एकेक पाखरू हातात घेऊन पाहिलं. मग अक्का सीटवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात झटकून थवा उडवला. पांढऱ्या मानेच्या मादीला दोनदा उडवावं लागलं. पाखरं लॅबच्या वर, जिथं गच्ची असायची तिथवर गेली आणि उतरता उतरता दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी धुवायला घेऊन गेले. सर्व्हिसिंगवाल्या शेटेंनी मागची सीट पाहिली.

"कबुतरं बसली होती?"

"हो."

"कधीची?"

"एक्क्याऐंशीची," सुधाकरराव म्हणाले.

शेटेंनी बोट लावून पाहिलं. "अजून ओली आहे घाण. लगेच निघेल."

"बाकी गाडी धुवा," अक्का म्हणाल्या. "तेवढी सीट राहू द्या."