खड्ड्यात दोन व्याही

"गुडघे दुखतात म्हणून सांगा," गाडीतून उतरता उतरता सिरानुशने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावले.

"सांगतो म्हटलं ना," येरवंद म्हणाला. त्याच्या तळहातांना आताच घाम फुटला होता.

आर्मेनियातल्या खोर विरापच्या मठात एक खड्डा आहे. राजाने संत ग्रिगोरला तेरा वर्षे त्यात डांबले होते. आता भाविक छोट्या चर्चच्या कोपऱ्यातल्या भोकातून उभ्या लोखंडी शिडीने खाली उतरतात, मेणबत्ती लावतात आणि वर येतात. येरवंद मात्र न्हाणीघराची कडीसुद्धा लावत नसे. बंद जागेत त्याचा जीव घुसमटायचा. शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवणाऱ्या, शंभर किलो वजनाच्या या माणसाचे हे गुपित बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

रविवारी त्यांच्या लेकीचा, आर्पिनेचा, साखरपुडा त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात होता. त्याआधी मुलाकडच्यांनी दोघांना मठात बोलावले होते. दारातच व्याही मेलिक्सेत उभा होता. द्राक्षमळ्यात रापलेला, बैलासारख्या खांद्यांचा, भरघोस मिशांचा. शेजारी त्याची बायको वार्सेनिक, हातात मेणबत्त्यांची जुडी घेऊन.

"आमच्या घराण्याची रीत आहे," वार्सेनिक म्हणाली. "लग्नाआधी दोन्ही व्याही खाली उतरून मेणबत्ती लावतात."

"उतरलो असतो," येरवंद म्हणाला, "पण माझे गुडघे..."

"मग राहू दे की," मेलिक्सेत चटकन म्हणाला. "एवढं काय त्यात. इथंच लावू."

वार्सेनिकने मात्र डोळे बारीक केले. "गुडघ्यांचं कधीपासून? तुमच्या आईलाही होतं का? आर्पिने जिना चढताना दमते असं आमचा मुलगा म्हणत होता."

सिरानुशचा चेहरा पडला. येरवंदने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा त्या काळ्या भोकाकडे. लेकीचे ठरलेले लग्न गुडघ्यांवरून मोडू द्यायचे नव्हते.

"आता बरे आहेत," तो म्हणाला. "कालपासून."

मेलिक्सेतने एक दीर्घ श्वास घेतला आणि आधी तो उतरला. मागून येरवंद. कमरेपर्यंत ठीक गेले, पुढे पोट अडकले. ते आत ओढले तेव्हा खांदे अडकले. दोन्ही बाजूंचा दगड दंडांना घासू लागला आणि डोक्यावरचा उजेड ताटलीएवढा झाला. पायरी सापडेना. आपल्या छातीची धडधड दगडातून परत ऐकू येते आहे असे त्याला वाटले. डोळे घट्ट मिटून, आर्पिनेचे नाव घेत घेत तो एकदाचा तळाला टेकला.

खाली दमट गारवा होता, मेणाचा धूर होता आणि हवा अशी नव्हतीच. आधीच उतरलेले चार विद्यार्थी मेणबत्त्या लावून भराभर वर निघून गेले. एकेक जण भोकातून जाताना वरचा उजेड बंद होई. येरवंद गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात जोडले. मेलिक्सेत वर गेला की धीर गोळा करू, कोणी बघणार नाही, असा त्याने विचार केला.

पण मेलिक्सेतही शेजारी गुडघे टेकून बसला.

पाच मिनिटे गेली. दहा गेली.

"तुम्ही व्हा पुढं," येरवंद म्हणाला.

"छे, छे. तुम्ही पाहुणे. आधी तुम्ही."

"माझी प्रार्थना राहिलीय अजून."

"माझीही."

वरून सिरानुशचा आवाज आला, "अहो, ठीक आहात ना?" मग वार्सेनिकचा, कोणाला तरी सांगणारा, "थांबा जरा, आत प्रार्थना चाललीय. आमचे हे एवढे देवभोळे असतील असं वाटलं नव्हतं."

मेणबत्ती बोटभर उरली. तिच्या उजेडात येरवंदला दिसले, की व्याह्याच्या मिशीवर घामाचे थेंब आहेत आणि त्याने शिडीचा खालचा दांडा दोन्ही हातांनी कवटाळला आहे.

"व्याहीबुवा," त्याने हळूच विचारले, "तुम्ही याआधी कितीदा उतरलाय?"

मेलिक्सेतने दांडा आणखी घट्ट धरला. "रीत आहे हे खरं. पण दरवेळी माझा थोरला भाऊ उतरतो. त्याचं ऑपरेशन झालंय. मला शिडीची भीती वाटते. पाठीमागं पोकळी आहे, आता पडतो, असं वाटत राहतं. तुम्ही गुडघे म्हणालात, तेव्हा वाटलं सुटलो. नेमकी हिनं तुमच्या आईची चौकशी काढली."

मग येरवंदनेही आपले सांगितले. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. हसू आले असते, पण मेणबत्ती विझली.

अंधारात येरवंदने शिडी चाचपली. आणखी एक मिनिट इथे बसलो तर मी ओरडेन, हे त्याला कळून चुकले. "चला," तो म्हणाला. "पुढं तुम्ही, मागं मी. माझं अंग बघितलंत ना? या भोकात मी बुचासारखा बसतो. तुम्हाला पडायला जागाच राहणार नाही."

"पण वरची वाट मी अडवली, की तुमचं काय होईल?"

"ते विचारू नका. चढा."

तीन पायऱ्या चढून मेलिक्सेत थिजला. त्याच्या बुटाची टाच येरवंदच्या टाळूवर आणि चहूकडे दगड. येरवंदच्या कानात शीळ वाजू लागली. "बोलत राहा," तो गुदमरत म्हणाला. "काहीही बोला. रविवारी तुमच्याकडून कोण कोण येणार?"

"पंधराच. ठरलंय तसं."

"आणखी कोणाला आणायचं मनात होतं?"

"गारेगिन काका. पण तुमच्याकडे जागा..."

"येऊ द्या. एक पायरी चढा."

मेलिक्सेत चढला. "त्यांची बायको."

"येऊ द्या. चढा."

"माझ्या मावशीचे तिन्ही जावई."

"तिन्ही आणा. तीन पायऱ्या चढा."

असे करत करत मेलिक्सेतचे सगळे गोत शिडी चढले. वरच्या तीन पायऱ्यांसाठी नातेवाईक उरले नाहीत, तेव्हा ट्रॅक्टरवाला, गावचा बँडवाला आणि बँडवाल्याचा मेहुणा आले. शेवटी वार्सेनिकने नवऱ्याला दंड धरून ओढून काढले आणि त्याच्या मागून येरवंद, शर्टाची दोन बटणे गमावून, मोकळ्या हवेत आला. बाहेर भिंतीला टेकून त्याने समोरच्या आरारात पर्वताकडे, एवढ्या मोठ्या आभाळाकडे तोंड उघडे टाकून पाहिले.

सिरानुश जवळ आली. ती पांढरीफटक पडली होती. "शिडीवर बोललेला शब्द न् शब्द वर ऐकू येत होता," ती म्हणाली. "विहीणबाईंनी तिथंच उभं राहून सगळ्यांना फोन केले. संताच्या खड्ड्यातून बोलावणं आलंय म्हटल्यावर एकानंही नाही म्हटलं नाही. अडतीस झाले. दोन खोल्यांत बसवायचे कुठं?"

दोन खोल्यांत अडतीस माणसे. येरवंदने शर्टाचे तिसरे बटण स्वतःच उघडले.

मेलिक्सेत त्याच्या बाजूला येऊन बसला. "कितव्या मजल्यावर राहता तुम्ही?"

"नवव्या. लिफ्ट आहे, पण मी जिन्यानं जातो."

"मीही जिन्यानंच येईन. लिफ्टखाली नुसती पोकळी." तो थोडा थांबला. "कठडा आहे ना जिन्याला?"

"सहाव्या मजल्यापर्यंत."

मेलिक्सेतने रुमालाने मिशा पुसल्या, बायका ऐकत नाहीत ना हे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"मग सहाव्यावर माझी वाट बघा," तो म्हणाला. "पुढं मी, मागं तुम्ही."