फाटक जैसे थे

अमेरिकेतल्या मोंटानातली, १८८७ साली वसलेली हॅगर्टी ही गुरांची रँच सरकारने संग्रहालय म्हणून ताब्यात घेतली, त्या दिवशी नदीकडचं फाटक उघडं होतं. सगळं ‘सापडलं त्या स्थितीत’ जपायचं असा ठराव झाल्याने फाटकही उघडंच जपण्यात आलं. नोंदवहीत लिहिलं गेलं: वस्तू क्रमांक ४१२, फाटक, उघडे.

वेंडेल टोलिव्हर हा तिथला जुना गुराखी. तीस वर्षं राबलेला, म्हणून सामानाबरोबर तोही राहिला. त्याने हाताने वाढवलेल्या बारा गाईही राहिल्या. मार्चमध्ये आभाळ भरून आलं, तसा तो संचालिका प्रिसिला हॉगेन यांच्यापुढे टोपी काढून उभा राहिला.

“बाई, दुपारी हिमवादळ येतंय. फाटक लावू द्या. वादळात जनावर वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतं. गाई थेट नदीत जातील.”

“वेंडेल, फाटक दिसलं तसंच सोडायचं, ही तुम्हा गुराख्यांचीच रीत ना?”

“ती पाहुण्यांसाठी. मी घरचा माणूस.”

“होतात. आता कर्मचारी आहात. अर्ज द्या, गुरुवारी समिती बसते.”

“आज सोमवार आहे, बाई. निदान आडवी दोरी बांधतो.”

“दोरी १८८७ सालची आहे का?”

वेंडेलने अर्ज लिहून दिला, टोपी डोक्यावर ठेवली, जाऊन फाटक लावलं आणि वादळभर तिथंच बसून राहिला. बाराही गाई वाचल्या. मंगळवारी ‘वस्तू क्रमांक ४१२ चे विद्रूपीकरण’ या आरोपाखाली त्याला काढून टाकलं आणि फाटक पूर्ववत उघडण्यात आलं. गुरुवारी समितीने त्याचा अर्ज एकमताने मंजूर केला. मात्र अर्जदार सेवेत नसल्याने अंमलबजावणी करता येईना.

शुक्रवारी दुसरं वादळ आलं. चौकशी अहवालात ‘गाई स्वेच्छेने निघून गेल्या’ असं नमूद आहे. वेंडेल नदीकाठी गेला, एकेकीला नावाने हाका मारल्या आणि लहान पोरासारखा रडला. याची नोंद कुठेही नाही.

आता कुरणात रंगवलेल्या फळीच्या बारा गाई आहेत. त्या हलत नाहीत, शेण टाकत नाहीत, त्यामुळे प्रेक्षक दुप्पट झालेत. फाटकाशी गाईड वेंडेलची गोष्ट सांगतो. ऐकणारे हळहळतात, ‘कुणीतरी ते लावायला हवं होतं’ म्हणतात, आणि हात न लावता फोटो काढून पुढे जातात. आपणही आता हळहळलाच असाल. फाटक अजून उघडंच आहे.