आर्विडच्या खाटेवरचा मेपल

रानात शिरणाऱ्या माणसाला फार थोड्या गोष्टी लागतात. त्या कोणत्या, हे ठरेपर्यंत मात्र त्याने रानात शिरू नये. उत्तर मिशिगनमधला आमचा शिकारीचा तळ याच तत्त्वावर चालतो, आणि उत्तम चालतो, हे मी खजिनदार या नात्याने सांगू शकतो.

कपड्यांचंच घ्या. हरणाला दिसू नये म्हणून आम्ही पानाफांद्यांच्या नक्षीचं जाकीट घेतो आणि एकमेकांना दिसावं म्हणून त्यावर भडक नारिंगी बंडी चढवतो. (हरणाला नारिंगी रंग कळत नाही म्हणतात. हरणाला कोणी विचारलेलं नाही.) जाकीट चारशे डॉलरचं. आता आमच्याकडे जुनी रीत अशी, की ज्याचा नेम चुकला त्याच्या अंगातल्या कपड्याचं मागचं टोक कापायचं आणि भिंतीला ठोकायचं. बापजाद्यांच्या चिंध्यांनी भिंत भरली आहे. नवी जाकिटं आल्यापासून मात्र तळावर एकही नेम चुकलेला नाही. गोळीच कोणी झाडत नाही.

तीच शिस्त करवतीच्या बाबतीत. आमच्या लाकडी खोलीवर एक वाळका मेपल कलला होता, बरोबर आर्विडच्या खाटेवर. आर्विड ऐंशीचा, खोली त्याच्या बापाने बांधलेली. जुनी चेनसॉ बंद पडली तेव्हा तो म्हणाला, "पोरांनो, एखादी आणा नि हे झाड पाडा. रात्रभर कुरकुरतंय डोक्यावर."

प्रश्न जिवाचा असल्यामुळे समिती नेमली. अध्यक्ष त्याचाच पुतण्या, डेल्बर्ट. पेट्रोलवरची की बॅटरीवरची, यात पहिला हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात असं निदर्शनास आलं की करवतीआधी ती चालवणाऱ्याचं हेल्मेट, हातमोजे आणि बूट ठरायला हवेत. ते आले. डेल्बर्टने ते चढवून मेपलखाली फोटो काढून घेतला.

"झाड छान आलंय," फोटो बघून आर्विड म्हणाला. "पाडताय कधी?"

"काका, घाईत घेतलं की माणूस पस्तावतो. तुमच्यासाठीच एवढं बारकाईने बघतोय ना."

"मग खाट तरी सरकव, बाबा."

(ठराव फेटाळला. पलीकडच्या भिंतीशी सामानाचे खोके होते. शिवाय निकडच संपली असती.)

तिसऱ्या हंगामात करवत आली. सर्वोत्तम. इतकी, की दमट रानात ठेवणं म्हणजे पाप; ती डेल्बर्टच्या दिवाणखान्यात असते. चुलीसाठी जळण आम्ही पेट्रोल पंपावरून आणतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. वाटेत दोन्ही बाजूंना झाडं लागतात.

गेल्या नोव्हेंबरात, एका सकाळी आर्विड बाहेरच्या संडासात होता आणि आम्ही मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या गरम करत होतो, तेव्हा मेपल छप्पर फोडून खाटेवर येऊन पडला. एक फांदी दारात आडवी. आम्ही आत कोंडलो. शेवटी शेजारच्या तळावरची लोरेटा आपली गंजकी करवत घेऊन आली आणि तिने दार मोकळं केलं.

"तुमच्याकडे नाही का रे एखादी?"

"आहे ना," डेल्बर्ट म्हणाला. "हिच्याहून कितीतरी चांगली."

तेवढ्यात विजार सावरत आर्विड आत आला. खाटेकडे बघितलं. उशी दिसत नव्हती. मग खिशातून चाकू काढून त्याने डेल्बर्टला पाठमोरा केला, चारशे डॉलरच्या जाकिटाचं टोक कापलं आणि भिंतीवर, आपल्या बापाच्या चिंधीशेजारी ठोकलं.

"थोडक्यात चुकला तुझा नेम," तो म्हणाला, आणि लोरेटाच्या गाडीत बसून गेला. तो परत आलेला नाही.

छपराच्या भोकासाठी ताडपत्री निवडायला उपसमिती बसली आहे. मूळ समितीत एक जागा रिकामी आहे. एवढं वाचूनही 'पण शेवटी करवत घेतली कोणती?' असं ज्याच्या ओठांवर आलं असेल, त्याने अर्ज करायची गरज नाही. त्याचं नाव आम्ही घातलं आहे. खाट आर्विडची मिळेल.