गाडी हलेपर्यंत

आमच्या खोलीतून कोणी बाहेर निघालं, की याकूबचाचा आधी चपला शोधायला लागतो. जाणारा कुठे चाललाय, कशाला चाललाय, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मागे माझी दाढ ठणकत होती म्हणून मी दवाखान्यात निघालो, तर हा माणूस माझी पिशवी घेऊन कंपनीच्या बसपर्यंत आला. पिशवीत पाण्याची बाटली आणि वर ओंजळभर खजूर. दाढ दुखणाऱ्या माणसाला खजूर! ड्रायव्हर चहा पीत बसलेला, बस काही सुटेना. मी म्हटलं, "चाचा, जा आता खोलीवर, ऊन बघा केवढं आहे." तर म्हणतो, "गाडी हलली पायजे. मग परत फिरायचा."

हे त्याचं ब्रह्मवाक्य. गाडी हलल्याशिवाय माणूस गेला, असं तो मानतच नाही.

याकूबचाचा दापोलीकडचा. इथे सौदीत, हुफूफला, आमच्या मेंटेनन्स कंपनीत सुतार आहे. मी कराडचा, त्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो. कंपनीने दिलेल्या खोलीत आमच्या दोघांच्या खाटा समोरासमोर पडल्या, त्यामुळे त्याचा स्वभाव कळून घेण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. माणूस सोन्यासारखा. पण पोचवायला आला की छळतो. आमचा बंगाली आचारी सुट्टीवर निघाला, तेव्हा चाचाने विमानतळावर त्याला इतक्या मिठ्या मारल्या, की तिकडे काउंटर बंद झाला. आचारी त्याच टॅक्सीने रडत परत आला. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा चपला घालून तयार! आचाऱ्याने मग निघायची वेळ कुणालाच सांगितली नाही, मागच्या दाराने गेला.

चाचाचा मुलगा इरफान रियाधला एका कंपनीत हिशेब बघतो. शिकलेला, गप्प, इस्त्रीच्या शर्टातला पोरगा. मधूनच एखाद्या शुक्रवारी रेल्वेने बापाला भेटायला येतो, चाचाच्या हातचं कालवण जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याला पोचवायला चाचा जाणार, हे सांगायलाच नको. टॅक्सी सांगायला, पिशवी धरायला मलाही जावं लागतं. आणि खरा घोळ तिथेच आहे.

इथल्या स्टेशनात तिकीट असलेलाच आत जातो. दारावर गार्ड. पोरगा काचेच्या दारातून आत गेला, की खलास. फलाट तिथून दिसत नाही, गाडी दिसत नाही. चाचा बाहेर मोटारी लावायच्या जागेत भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि दर दोन मिनिटांनी मला विचारतो, "हलली काय रे?"

"वेळ झाली म्हणजे हलली असेल."

"असेल म्हंजे काय? हलली का नाय ता सांग!"

आता मी भिंतीतून बघू काय? एकदा तर त्याने कहरच केला. फलाटावर जायला मिळावं म्हणून गुपचूप स्वतःही रियाधचं तिकीट काढलं. बेत असा, की पोराला बसवायचं, गाडी हलताना बघायची आणि तिकीट खिशात घालून परत यायचं. पण फलाटावरच्या माणसाला काय ठाऊक? त्याने म्हाताऱ्याच्या हातात तिकीट बघितलं आणि "यल्ला, यल्ला" करत अदबीने हाताला धरून डब्यात चढवलं. दार बंद. चाचा थेट रियाधला! तिथून इरफानने त्याला परतीच्या गाडीत बसवायला आणलं, तर त्या स्टेशनावरही तीच तऱ्हा. चाचा आत, इरफान दाराबाहेर. परत आल्यावर चाचा जेवेना, बोलेना. मी म्हटलं, "अहो, त्या निमित्ताने रियाध बघून आलात की!" तर कूस बदलून म्हणाला, "परत मीच गेलो ना."

ह्याचा अर्थ मला तेव्हा काडीचा कळला नाही.

अशात एक दिवस मॉलच्या भिंतीवर अरबी, इंग्रजी आणि उर्दूत मोठे फलक लागले. रेल्वे चालवायचा ठेका निघणार होता. तो मिळवण्यासाठी बोली लावणाऱ्या एका कंपनीचं म्हणणं, की तुम्हाला कशी रेल्वे हवी ते मॉलच्या हॉलमध्ये येऊन सांगा, आम्हाला तुमचं मत हवं आहे.

माझं डोकंच चालेना. ज्याच्याकडे अजून गाडी नाही, तो गाडी कशी हवी विचारतोय. आणि विचारतोय कुणाला, तर आम्हाला! इथे येऊन एवढी वर्षं झाली, मेसमध्ये भात हवा की रोटी हवी, एवढंसुद्धा आम्हाला कुणी विचारलेलं नाही. आमच्या कामगारांच्या कॅम्पात नुसता गोंधळ उडाला. कोणी म्हणे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तपासायची युक्ती आहे, तिकडे फिरकू नका. आमचा साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन पवार म्हणे, "कसलं मत घेऊन बसलाय! नोकरभरती आहे. कंपनी नवी, ठेका नवा, माणसं लागणारच." झालं. सगळ्यांनी बायोडाटाच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात रांग लावली.

एकट्या चाचाने मात्र फलकावरचं खरं मानलं. "माझा मत आहे," तो म्हणाला. "दारातून आत सोडा म्हनून सांगायचा. पन कफीलला विचारल्याबिगर कसा द्यायचा?"

"चाचा, मत द्यायला कफीलची परवानगी लागत नाही."

"तू गप रे. इकामा त्याच्या नावावर, रजा त्याच्या सहीनं, सिमकार्डाला त्याचा कागद लागला हुता. मत काय फुकट हाय?"

आणि खरंच गेला की! आमचा कफील म्हणजे कंपनीचा म्हातारा मालक, सज्जन माणूस. चाचाने त्याला अरबीत सगळं सांगितलं. मालक बराच वेळ दाढी कुरवाळत बसला. त्याला वाटलं, याकूब कंपनी सोडून चाललाय. मग वाटलं, रजा मागतोय. मग वाटलं, ह्याला ऊन लागलंय. शेवटी सुटका व्हावी म्हणून त्याने कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि खाली शिक्का मारला. मी तो कागद एका अरबी येणाऱ्याकडून वाचून घेतला. लिहिलं होतं, 'याकूब आमचा जुना सुतार आहे. त्याला एक मत आहे. माझी हरकत नाही.'

हॉलमध्ये मला दुभाष्या म्हणून नेलं. खरं तर चाचा माझ्यापेक्षा दसपट चांगली अरबी बोलतो. पण त्याचं गणित वेगळं. अरबीत मागितलं तर 'बुकरा' मिळतो, म्हणजे उद्या ये. इंग्रजीत मागितलं तर पावती मिळते. आमच्या मागे पवार आणि अर्धा कॅम्प, हातात बायोडाटा.

टेबलापाशी एक तरुण सौदी बाई टॅबलेट घेऊन बसली होती. चाचाने आधी इकामा ठेवला, मग पासपोर्टची झेरॉक्स, मग दोन फोटो, मग कफीलचा कागद. बाई म्हणाली, "ह्यातलं काहीच नको." चाचा घाबरला. जिथे काहीच लागत नाही, तिथलं काम होत नाही, हा त्याचा अनुभव.

"तुम्ही रेल्वेने प्रवास करता का?" बाईने विचारलं.

"नाय," चाचा म्हणाला. मी इंग्रजीत नाही म्हटलं. बाईने बोट टेकवलं आणि टॅबलेटवर 'आपले आभारी आहोत' असं आलं. मुलाखत संपली! बाईने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नाही, पुन्हा आभार. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच 'कधीतरी' दाबलं.

"गाडीत तुम्हाला काय हवं? वेग, इंटरनेट, खाणंपिणं?"

"मला गाडीतून नाय जायचा. गाडीपरयंत जायचा."

"आणि मग?"

"मग परत यायचा."

"म्हणजे तिकीट काढून प्रवास करायचा नाही?"

"तिकीट पन नाय."

बाईने माझ्याकडे बघितलं, मी चाचाकडे बघितलं. मागून पवार कुजबुजला, "अरे, पगाराचं विचार की!" माझं डोकं आधीच भणभणलं होतं, त्यात हा. मी भडकलोच. "चाचा, नीट सांगा की काय ते! हिला कळत नाही आणि देवाशप्पथ मलाही कळत नाही. त्या दारातून आत जाऊन गाडी हलताना बघायची, एवढं काय आहे त्यात? पोरगा तिशीला आलाय, चुकायचा नाही तो!"

चाचा बाईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून बोलला.

"मी पयला निघालो, तवा इरफान झोळीतला. मग दर खेपेला तो स्टँडवर यायचा. पयला आईच्या कडेवर, मग मामाचा बोट धरून, मग एकलाच सायकल घेऊन. मी एसटीत, तो खाली. गाडी हलली का हात हलवायचा. मी मागच्या काचेतून बघायचो, बारीक बारीक होत जायचा, पन हलायचा नाय जागेवरून. दर खेपेला मीच गेलो रे. तो शाळंत गेला, मुंबैला कालेजात गेला, त्याला पोचवायला मामा. मी हितं लोकांची कपाटा ठोकीत हुतो. आता कुठं तो जातो नि मी ऱ्हातो. त्यानं माझ्या इतक्या गाड्या बघितल्या, मला त्याची येक बघू दे."

हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं? मी स्टोअरकीपर. मला स्क्रू आणि वॉशरचं इंग्रजी येतं. मी कसंबसं म्हटलं, "मॅडम, त्याला मुलाला टाटा करायचा आहे." एवढंच झालं, आणि मला माझीच लाज वाटली.

बाईने टॅबलेट बाजूला ठेवला आणि चाचाला अरबीत विचारलं, "तुझा मुलगा?" चाचा पावतीबिवती विसरला आणि भडाभडा अरबीत बोलत सुटला. माझी गरजच उरली नाही. ती ऐकत राहिली, मध्ये तिने कफीलचा कागद उचलून वाचला, हसली, आणि मग बराच वेळ काही टाइप करत होती. शेवटी तिने चाचाला कंपनीची टोपी दिली. मागून पवारने बायोडाटा पुढे केला, त्यालाही टोपी मिळाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "टोपी दिली म्हणजे सिलेक्शन झालं का रे?" त्याला काय सांगणार, कपाळ!

ठेका त्या कंपनीला मिळाला की आणखी कुणाला, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. दार तिथेच आहे आणि दारावर गार्डही आहे. चाचाने कफीलचा कागद मात्र घडी करून पाकिटात ठेवलाय. मत एकच असलं तरी पुन्हा कुणी विचारलं तर जवळ असावं म्हणतो.

हॉलमधून आलो त्याच संध्याकाळी मी इरफानला फोन लावून चांगला झापला. "तुझा बाप भिंतीकडे बघत उभा असतो, ठाऊक आहे का तुला?" पोरगा म्हणाला, "मला वाटायचं, अब्बांना सवय असेल." मी म्हटलं, "जायची सवय आहे त्यांना. राहायची नाही." फोन ठेवल्यावर मलाच वाटलं, फार बोललो का?

पुढे एका शुक्रवारी तो आला, जेवला, आणि आम्ही त्याला पोचवायला गेलो. एरवी दारापाशी तो म्हणायचा, "तुम्ही जा अब्बा, ऊन आहे." ह्या वेळी तसं म्हणाला नाही. म्हणाला, "थांबा इथेच," आणि आत गेला.

चाचा नेहमीच्या जागी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. त्याने मोठ्या आवाजावर लावला, ऐकायला कमी येतं त्याला.

"अब्बा, खिडकीशी बसलोय. दार बंद झालं." मग नुसती घरघर. मग म्हणाला, "हलली. अब्बा, गाडी हलली. मी हात हलवतोय."

चाचाने हात वर केला आणि त्या कोऱ्या भिंतीकडे बघून हलवायला लागला. दारावरच्या गार्डला काही समजेना. त्याने बिचाऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि आपलाही हात हलवला.

बराच वेळ झाला. फोनमधली घरघर चालूच होती, चाचाचा हात वरच. माझे डोळे भरून आले होते, ते लपवायला मी जरा जोरातच म्हटलं, "चाचा, हलली ना गाडी? चला, फिरा आता परत."

"थांब रे," भिंतीवरची नजर न काढता चाचा म्हणाला. "अजून दिसतोय."