कॅमेरेवाले रखमाजी पानसंबळ यांस ओळखपत्र मिळाले त्याची हकीकत

आधी प्रकाशास नमन, मग छायेस, मग या दोहोंमध्ये दिवसभर उभा राहोन जो कोणासही दिसत नाही त्यास. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध तृतीया, रविवार, ते दिवशी वार्ताराज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे. रखमाजी पानसंबळ म्हणोन टीव्हीचे कॅमेरेवाले, बावीस वर्षे कॅमेरा वाहोन उजवा खांदा डाव्याहून दोन बोटे खाली गेला, पूर टिपले, दंगे टिपले, मंत्र्यांनी नारळ किती फोडिले त्यास तर गणतीच नाही, आणि त्यांस पत्रकाराचे ओळखपत्र नव्हते. मागील दंग्यात डोके फुटले तेव्हा इस्पितळात पुसिले की, आपण पत्रकार की बघे? ते मनास फार लागले. मग अर्ज केला, आणि पत्रकारांची सभा बसली, आणि सभेत पत्रकारांनीच बसावे हा रिवाज, म्हणोन रखमाजी बाहेर चपलांपाशी उभे राहिले.

आत सभाधीश अमृतराव किंजवडेकर बोलिले, "बातमी ओळखणे हे बुद्धीचे काम. कॅमेरेवाला दाखवाल ते टिपतो. अर्ज नामंजूर." सर्वांनी माना डोलाविल्या, आणि मग कोणास स्मरण जाहाले की, याचे चित्रण राहिले, आणि त्या राज्यात जे पडद्यावर दिसले नाही ते घडलेच नाही, ऐसा कायदा. मग रखमाजींस आत बोलाविले आणि आज्ञा जाहाली की, निकाल पुन्हा देतो, टिपून घ्यावा. रखमाजींनी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि भिंगातून पाहिले. म्हणाले, "साहेब, खिडकी पाठीशी नको. तोंड काळं येतं." सभाधीश सरकले आणि निकाल दिला, आणि जीभ अडखळली म्हणोन पुन्हा दिला, आणि मागे कोणी शिंकले म्हणोन पुन्हा दिला, आणि मग हात कोठे ठेवावे ते कळेना म्हणोन आणखी एकदा दिला. ऐसा तो अर्ज चार वेळा नामंजूर जाहाला.

मग सभाधीश कपाळ पुसोन बोलिले, "रखमाजी, यातला कोणता लावावा? आणि कापावा कुठं? तुम्हाला बरोबर कळतं ते."

रखमाजी म्हणाले, "कापायचं कशाला? चालूच आहे की."

काम सरले तरी कॅमेरा घटकाभर चालू ठेवावा, ही कॅमेरेवाल्यांची जुनी खोड. अमृतरावांनी लाल दिवा पाहिला आणि घाबरे होऊन ओरडले, "अहो, बंद करा ते!"

"दाखवाल ते टिपतो, साहेब. तुम्ही दाखवीत होता."

मग रखमाजींनी चित्रण जैसे होते तैसे टीव्हीचे कचेरीस धाडिले, निवड केली नाही, कां की निवडणे हे बुद्धीचे काम. सायंकाळी ते साद्यंत दिसले, आणि राज्यात हसे जाहाले, आणि सोमवारी अर्ज मंजूर जाहाला. पत्रावर छबी पाहिजे, तो रखमाजींपाशी स्वतःची एकही निघेना. बावीस वर्षांत कोणी काढिलीच नव्हती. तेव्हा अमृतरावांनी थोर मनाने मोबाईल हाती घेतला आणि म्हणाले, "उभे राहा. त्यात काय एवढं!"

एवंच, पत्र मिळाले. त्यावर नाव आहे, शिक्का आहे, आणि छबीत दोन खांदे आहेत. डोके वर कोठे राहिले ते अमृतरावांस ठाऊक. द्वारपाल उजवा खांदा खाली पाहोन ओळखतात आणि आत सोडितात.